मुखवट्यामागचे भूत

लहान मुलांच्या कार्टूनमध्ये भुते कशाला हवीत, हा प्रश्न आपल्या घरांतून पुष्कळदा विचारला जातो. नातवंडे रात्री दिवा चालू ठेवून झोपू लागली, एकटी मोरीत जायला कांकू लागली, की दोष टीव्हीला दिला जातो आणि दोन दिवस रिमोट आजीच्या पदराखाली जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र तो नवा नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत पालकांनी जवळपास हाच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला होता, आणि त्याला मिळालेल्या उत्तरातून जगातले सर्वांत प्रसिद्ध घाबरट कुत्रे जन्माला आले. त्या कुत्र्याची आणि त्याच्या मागून आलेल्या भुताखेतांची गोष्ट सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ती गोष्ट सांगताना एक मुद्दा सारखा पुढे येतो. ज्या कार्टूनमधली भुते खोटी होती, त्यातली मुले कधी मोठी झाली नाहीत. भुते खरी झाली, तेव्हा मुलांनाही मोठे व्हावे लागले.

शनिवारची सकाळ

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही नावे 'टॉम अँड जेरी'मुळे आपल्या परिचयाची आहेत. १९५७ साली एमजीएम कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला, तेव्हा या दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि मोर्चा टीव्हीकडे वळवला. टीव्हीसाठी पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. म्हणून त्यांनी काटकसरीची रीत बसवली. पात्र बोलताना फक्त तोंड हलवायचे, धावताना तेच पाय पुन्हा पुन्हा वापरायचे, मागचे तेच झाड आणि तीच खिडकी सरकत ठेवायची. या रीतीने कार्टून स्वस्त झाले आणि अमेरिकेतील शनिवारची सकाळ मुलांच्या नावे लिहिली गेली. मोठी माणसे उशिरा उठत, मुले दुधात भिजवलेल्या सीरियलची वाटी घेऊन टीव्हीसमोर बसत, आणि त्याच सीरियलच्या व खेळण्यांच्या जाहिराती मधूनमधून चालत.

१९६६च्या सुमारास या वेळेत अतिमानवी वीरांची गर्दी झाली. 'स्पेस घोस्ट'सारख्या मालिकांत सतत मारामारी आणि स्फोट असत. पालक कुरकुरू लागले. त्यातच १९६८ साल उजाडले. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. हिंसा घराघरांत बातम्यांतून येतच होती, ती मुलांच्या कार्यक्रमांतून तरी येऊ नये, ही भावना बळावली. त्याच वर्षी पेगी चॅरेन आणि त्यांच्या सहकारी मातांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना उभी केली. वाहिन्यांना जनमताची दखल घ्यावी लागली.

सीबीएस वाहिनीच्या दिवसाच्या कार्यक्रमांचे प्रमुख तेव्हा फ्रेड सिल्व्हरमन होते. त्यांना मारामारी नसलेली, तरीही मुलांना खिळवून ठेवणारी मालिका हवी होती. जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकांनी चार तरुण आणि एक कुत्रा अशी टोळी रचली. गाडीतून भटकायचे, भुताटकीच्या जागी पोहोचायचे आणि रहस्य उलगडायचे, अशी कल्पना होती. पण रंगवलेली चित्रे पाहून सीबीएसच्या वरिष्ठांनी मान हलवली. लहान मुलांसाठी हे फारच भीतिदायक आहे, असे त्यांचे मत पडले.

तोडगा कुत्र्याने काढला. सिल्व्हरमन यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, विमानप्रवासात फ्रँक सिनात्राचे एक गाणे कानावर पडले आणि त्याच्या शेवटच्या निरर्थक बोलांतून त्यांना नाव सुचले, स्कूबी-डू. तोवर मागे असलेले कुत्रे पुढे आले. भीती होती तेवढीच राहिली, फक्त तिच्या शेजारी हसू आणून बसवले. भुताला पाहून सर्वांत आधी पळणारा, टेबलाखाली लपणारा, खाऊची लाच दिल्याशिवाय पुढे न सरकणारा एवढा मोठा ग्रेट डेन कुत्रा पाहिला, की मुलाला वाटायचे, 'याच्यापेक्षा मी बरा!'

या कुत्र्याचे रूप इवाओ ताकामोतो यांनी काढले. ते जपानी आईवडिलांचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या हजारो नागरिकांबरोबर त्यांच्या कुटुंबालाही कॅलिफोर्नियातील मँझानार छावणीत डांबले गेले होते, आणि चित्रकलेचे पहिले धडे त्यांना तिथेच मिळाले. स्कूबीसाठी त्यांनी स्टुडिओतल्या एका जाणकार बाईंना विचारले, उत्तम ग्रेट डेन कसा असतो? ताठ पाठ, सरळ पाय, लहान हनुवटी, असे उत्तर आले. ताकामोतोंनी नेमके उलटे काढले. पाठीला बाक, पाय वाकडे, हनुवटी मोठी. ऐटबाज जातीचा हा बेंगरूळ नायक १३ सप्टेंबर १९६९ रोजी, शनिवारी, 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' या नावाने पडद्यावर आला.

पंचवीस भागांची एकच गोष्ट

मालिकेचा साचा आज कोणालाही पाठ आहे. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी आणि स्कूबी आपल्या रंगीत गाडीतून एखाद्या ओसाड वाड्यापाशी किंवा बंद पडलेल्या जत्रेपाशी येतात. तिथे भूत दिसते. पळापळ होते. वेल्माचा चष्मा पडतो. शेवटी सापळ्यात अडकलेल्या भुताचा मुखवटा ओढला, की आत निघतो मालकाचा पुतण्या, जमिनीवर डोळा ठेवणारा शेजारी नाहीतर तस्कर. भुताची अफवा उठवून लोकांना दूर ठेवायचे आणि आपला डाव साधायचा, एवढाच त्याचा हेतू असतो.

पालकांना हे पटले. मारामारी नाही, अंधश्रद्धा नाही, भुतामागे माणूस असतो हा धडाही मिळतो. दोन हंगामांत मिळून या मूळ मालिकेचे २५ भाग झाले. आपल्याकडचा वाचक इथे थांबेल, कारण पंचवीस या आकड्याशी आपले जुने नाते आहे. हा अर्थातच निव्वळ योगायोग. पण तुलना करण्याजोगी आहे.

सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली आणि १९८५ साली रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल'ने ती दूरदर्शनवरून घरोघरी नेली. तिचाही साचा ठरलेला. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा बोलतो, वेताळ पुन्हा झाडावर. पण पंचविशी एक गोष्ट करते, जी स्कूबीच्या पंचवीस भागांनी केली नाही. ती संपते. शेवटच्या गोष्टीला राजाकडे उत्तर नसते आणि तो गप्प राहतो. इतक्या फेऱ्यांत राजाची चिकाटी आणि बुद्धी पारखून झालेली असते. मग वेताळच त्याला सावध करतो की, ज्या साधूसाठी तू हे ओझे वाहतो आहेस तोच तुझा बळी देणार आहे. मुखवटा इथेही गळतो, पण तो भुताचा नव्हे, साधूचा. आणि ज्याला आपण इतका वेळ भ्यायलो, तो वेताळ मित्र ठरतो.

स्कूबीच्या जगात असा शेवट नव्हता, आणि त्याचे कारण लेखकांच्या कुवतीत नाही, धंद्याच्या गणितात आहे. शनिवारचे भाग पुन्हा पुन्हा दाखवले जात, आणि कोणत्याही क्रमाने. एखाद्या मुलाने तिसरा भाग चुकवला तरी चौथा कळला पाहिजे, ही अट होती. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सारे पूर्ववत व्हायचे. पंचवीस वेळा भूत खोटे निघूनही शॅगी सव्विसाव्या वेळी तेवढाच घाबरणार. फ्रेडला कोणी आईबाप नाहीत, वेल्माला कसली खंत नाही, डॅफ्नीला कंटाळा नाही. अनुभव साठत नाही तिथे स्वभाव बदलणार कसा? भूत खोटे असल्याने काही गमावण्याची भीती नव्हती, आणि गमावण्यासारखे काही नसले की कमावण्यासारखेही फारसे उरत नाही.

जपानमधले शेजारी

त्याच सुमारास पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या काठावर अगदी वेगळे उत्तर शोधले गेले होते. शिगेरू मिझुकी हे जपानी चित्रकार १९२२ साली जन्मले आणि साकाइमिनातो या बंदराच्या गावी वाढले. शेजारच्या एका वृद्ध बाईने त्यांना लहानपणी योकाई, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या. पुढे ते सैनिक म्हणून युद्धावर गेले आणि राबाउलच्या आघाडीवर बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. परत आल्यावर त्यांनी एका हाताने चित्रकथा काढायला घेतल्या. त्यांचा नायक कितारो स्मशानात जन्मलेला भूत-वंशाचा मुलगा आहे, आणि त्याचा बाप आता फक्त एका डोळ्याच्या रूपाने उरला आहे. हा डोळा मुलाच्या केसांत बसून त्याला सल्ला देतो.

१९६८च्या जानेवारीत ही मालिका जपानी टीव्हीवर आली. चित्रकथेचे मूळ नाव 'स्मशानातला कितारो' होते. प्रायोजकांना ते रुचले नाही, म्हणून 'गेगेगे नो कितारो' असे नामकरण झाले. नाव बदलले, भुते मात्र तशीच राहिली. इथे मुखवटा ओढण्याचा प्रश्नच नव्हता. भुते खरी होती, माणसांच्या शेजारी राहत होती, काही खट्याळ, काही दुष्ट, काही परोपकारी. कितारोचे काम दोन्ही शेजाऱ्यांमध्ये समेट घडवणे हे होते. १९६८, १९७१, १९८५, १९९६, २००७ आणि २०१८ अशा सहा वेळा ही मालिका नव्याने बनली. साकाइमिनातोच्या एका रस्त्यावर आज या भुतांचे दीडशेहून अधिक ब्राँझचे पुतळे आहेत. ज्या गावात एका म्हातारीने एका मुलाला घाबरवले, त्या गावाची ओळखच ती भुते झाली.

न घाबरणारा पुतण्या

अमेरिकेत सत्तरच्या दशकाअखेर स्कूबीचा साचा झिजला. प्रेक्षक घटू लागले, तेव्हा १९७९ साली स्क्रॅपी नावाचा छोटा पुतण्या आणला गेला. हा पिल्लू कशालाच भीत नसे. राक्षस दिसला की मुठी आवळून पुढे. काही काळ मालिका तरली, पण पुढे जुन्या चाहत्यांनी सर्वांत जास्त नाके मुरडली ती याच पात्राला पाहून. त्यात नवल नाही. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याने उडी मारली तर त्यात शौर्य कसले? स्कूबी घाबरून थरथरत असतानाही शॅगीसाठी मागे वळायचा, म्हणून तो आपला वाटायचा.

१९८५ साली 'द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू' या मालिकेत पहिल्यांदा एक धाडस झाले. शॅगी आणि स्कूबी यांच्या चुकीने पेटी उघडते, तेरा खरी भुते सुटतात आणि ती पकडण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते. भूत खरे झाले, तसे 'आपण केलेले आपणच निस्तरायचे' हेही आले. पण अवघ्या १३ भागांत मालिका बंद पडली आणि शेवटचे भूत मोकळेच राहिले. त्या भुताचा हिशेब थेट २०१९ सालच्या चित्रपटात चुकता झाला.

मुखवटा निघेना

खरे वळण आले १९९८ साली. 'स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड' हा व्हिडिओसाठी केलेला चित्रपट स्कूबीचा पूर्वीचा आवाज डॉन मेसिक यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. ते आदल्या वर्षी निवर्तले होते. चित्रपटाच्या सुरुवातीला टोळी फुटलेली दिसते. दरवेळी भूत खोटेच निघते, याचा त्यांना कंटाळा आला आहे. डॅफ्नी टीव्हीवर कार्यक्रम करते, फ्रेड तिचा निर्माता झाला आहे, वेल्मा पुस्तकांचे दुकान चालवते, शॅगी आणि स्कूबी नोकरीत टिकत नाहीत. एकोणतीस वर्षे जी मुले वयाने वाढली नव्हती, ती अचानक मोठी झालेली दिसतात. ओळखीच्या मित्रमंडळीसारखीच पांगलेली, एकमेकांची आठवण काढणारी.

मग ती लुइझियानातील एका बेटावर एकत्र येतात. दलदलीतून प्रेते उठतात. फ्रेड सवयीने एकाचा मुखवटा ओढायला जातो आणि हातात डोकेच येते. त्या एका क्षणात तीन दशकांचा साचा मोडला. पण चित्रपट तेवढ्यावर थांबत नाही. ती भयंकर प्रेते प्रत्यक्षात त्या बेटावर पूर्वी बळी गेलेल्यांची असतात आणि नव्या पाहुण्यांना सावध करायला उठलेली असतात. ज्यांनी आदराने घरात घेतले, जेवू घातले, त्या यजमानीणबाईच माणसांचा जीव शोषून जगणाऱ्या निघतात. त्यांच्याही मागे एक दुःख आहे, चाच्यांनी उद्ध्वस्त केलेल्या वस्तीचे. सूड घेता घेता त्या स्वतःच शाप होऊन बसल्या आहेत. वेताळ आणि साधू यांची जुनी अदलाबदल लुइझियानाच्या दलदलीत पुन्हा घडली, असे मराठी वाचकाला वाटल्यास नवल नाही.

हिंमत नावाचा घाबरट

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९९मध्ये, जॉन डिलवर्थ यांची 'करेज द कावर्डली डॉग' ही मालिका सुरू झाली. करेज म्हणजे हिंमत. कुत्र्याचे नाव हिंमत आणि स्वभाव भित्रा. २००२पर्यंत तिचे ५२ भाग झाले. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली आले होते आणि पुढे त्यावरची कार्टून हिंदीतून दिसू लागली. त्यामुळे इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांतील आज तिशी-पस्तिशीत असलेल्या पिढीला हा गुलाबी कुत्रा सांगावा लागत नाही.

कॅन्ससच्या उजाड माळावर एकच घर, त्यात प्रेमळ म्युरिएल, खवट युस्टेस आणि करेज. दारात दर भागाला काहीतरी अघटित येऊन उभे राहते. चोरलेली शिळा परत मागणाऱ्या प्राचीन राजाची ती सावली आजही अनेकांच्या अंगावर काटा आणते. करेज किंचाळतो, त्याचे दात गळून पडतात, डोळे बाहेर येतात. तरी म्युरिएलला वाचवायला तोच जातो, आणि ते कोणाला कळतही नाही. स्कूबीला खाऊची लाच लागायची. करेजला लागत नाही. हा फरक मोठा आहे.

मालिकेच्या शेवटच्या पर्वात त्याच्या भीतीचे मूळही दाखवले आहे. तो पिल्लू असताना एका पशुवैद्याने त्याच्या आईवडिलांना रॉकेटमध्ये घालून अवकाशात पाठवून दिले होते. तोच पशुवैद्य पुन्हा समोर येतो आणि करेजला आठवण झेलावी लागते. अगदी अखेरच्या गोष्टीत एक कडक शिक्षिका येते आणि त्याला प्रत्येक गोष्ट निर्दोष करायला लावते. त्याला ते जमत नाही, स्वप्ने पडू लागतात, आणि अखेर कळते की उणिवा असूनही तो हवी ती गोष्ट करू शकतो. शिक्षिका विरून जाते. बावन्न भाग राक्षसांशी लढून या कुत्र्याचा शेवटचा शत्रू निघाला तो 'तू पुरेसा चांगला नाहीस' असे सांगणारा आवाज. परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरातली मुले याच भुताला सर्वांत जास्त भीत नाहीत काय?

गोष्ट पुढे सरकू लागली

एकविसाव्या शतकात टीव्हीचे गणितच बदलले. मुलांसाठी दिवसभर चालणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या आल्या, डीव्हीडी आल्या, पुढे मागाल तेव्हा मागाल तो भाग पाहण्याची सोय झाली. चुकलेला भाग आता पुन्हा पाहता येई. 'प्रत्येक भाग स्वतंत्र' ही जुनी अट सैल झाली आणि कार्टूनला कादंबरीसारखे पुढे सरकता येऊ लागले.

२०१०मध्ये आलेल्या 'स्कूबी-डू! मिस्टरी इनकॉर्पोरेटेड'ने जुन्या साच्यालाच प्रश्न विचारले. तिथले गाव भुतांच्या अफवांवर पर्यटनाचा पैसा कमावते. मुले मुखवटे ओढतात म्हणून महापौर, शिपाई आणि खुद्द आईबाप त्यांच्यावर नाराज असतात. मुखवटे निघतच राहतात, पण आता आतून परका माणूस निघत नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी मुखवट्यामागून निघतो तो गावाचा महापौर, ज्याला फ्रेड इतकी वर्षे आपला बाप समजत होता. फ्रेडला तान्हेपणी पळवून आणले होते, हे तेव्हा कळते. चाळीस वर्षे हसत हसत मुखवटे ओढणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्यांदा असे सत्य आले, जे त्याला सोसायचे होते.

आणि मग 'ग्रॅव्हिटी फॉल्स'. ॲलेक्स हर्श यांची ही मालिका जून २०१२ ते फेब्रुवारी २०१६ या काळात चालली. भाग ४०, पर्वे दोन. डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडे उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑरेगॉनमधील एका आडगावी स्टॅन आजोबांकडे येतात. स्टॅन त्यांच्या आजोबांचा भाऊ, म्हणजे आपल्याकडचा चुलत आजोबा. भामटा, कंजूष, पर्यटकांना खोट्या अद्भुत वस्तू दाखवून पैसे काढणारा. गंमत अशी की खोटी अद्भुते विकणाऱ्या या घराभोवतीच्या रानात खरी अद्भुते नांदत असतात. डिपर गुपितांच्या मागे धावतो आणि हळूहळू शिकतो की, प्रत्येक कोडे सोडवणे म्हणजे शहाणपण नव्हे. मेबलला सुट्टी संपू नये असे वाटते. मोठे होण्याची तिची ही भीती इतकी खरी आहे की, एका कमकुवत क्षणी तिचा फायदा घेऊन एकडोळ्या त्रिकोणी सैतान बिल सायफर जगात शिरतो.

शेवटी त्याला हरवण्यासाठी स्टॅन आजोबा आपली सारी स्मृती पुसू देतात. जग वाचते, पण आजोबा मुलांना ओळखत नाहीत. मेबल आपली चिकटवही काढते. सुट्टीभर जमवलेले फोटो, तिकिटे, चिठ्ठ्या. पाने उलटता उलटता आजोबांची आठवण परत येते. मुलांचा तेरावा वाढदिवस होतो आणि ती बसने घरी निघतात. लोकप्रिय मालिका आणखी पाच वर्षे ओढता आली असती. हर्श यांनी सुट्टी संपली तिथे गोष्ट संपवली. जी गोष्ट संपते, तिच्यातच माणूस वाढतो, हे पंचविशीचे शहाणपण इथे पुन्हा भेटते.

आपल्या वेशीवरची भुते

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत भुतेही बिऱ्हाडासोबत आली होती. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला आणि पिंपळावर राहणारा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, विद्येचा गर्व झालेला ब्रह्मराक्षस. गोव्यात तर वेताळ हा अनेक गावांचा देवच आहे आणि देवचार गावाच्या सीमेची राखण करतो. या भुतांना मुखवटे नव्हते, पण प्रत्येकाला चरित्र होते. मुंजा भयंकर, कारण त्याचे काहीतरी राहून गेले. हडळ रागावलेली, कारण तिच्यावर वेळ तशी आली. आजीची भूतकथा घाबरवता घाबरवता मुलाला विचारायला लावायची, 'मग त्याचं काय राहून गेलं होतं?' झॉम्बी आयलंडच्या लेखकांना १९९८ साली जे सापडले, ते आपल्या ओटीवर पूर्वीपासून होते.

मुलांना घाबरवण्याची आणि हसवण्याची ही जोडकला मराठी रंगभूमीनेही जपली. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य लिहिले, आणि त्यातल्या चेटकिणीला पाहून मुले आधी किंचाळतात आणि मग टाळ्या पिटतात.

या गोष्टींबरोबर आणखी एक गोष्ट मुलांच्या हाती लागत होती, ती म्हणजे भाषा. तिन्हीसांज, वेस, पाणवठा, झपाटणे, उतारा, चकवा लागणे हे शब्द शाळेच्या पुस्तकातून आले नाहीत. ते अंधारातून आले आणि भीतीने मनात पक्के बसले. आज आपल्या कित्येक घरांत मुले शाळेत इंग्रजी, अंगणात हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू आणि स्वयंपाकघरात जेमतेम मराठी बोलतात. २०२४ साली कोकणातला मुंजा मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा आपल्या मुलांना तो भेटला हिंदीतून. चित्रपट चांगला चालला, आनंद आहे. पण मुलांनी घरी येऊन 'मुंजा म्हणजे काय?' असे विचारले तेव्हा उत्तर द्यायला किती घरांत कोणी होते, हा हिशेब आपण करायला हवा.

म्हणून 'कार्टूनमध्ये भुते कशाला' या प्रश्नाला या इतिहासातून जे उत्तर मिळते ते असे. १९६९ साली पालकांच्या समाधानासाठी भुताला मुखवटा चढवला गेला आणि मुले सुरक्षित राहिली, पण होती तेवढीच राहिली. भीती पूर्ण काढून टाकण्याचा प्रयोग स्क्रॅपीच्या रूपाने झाला, तो कोणाला भावला नाही. जिथे भूत खरे ठेवले, तिथे लेखकांनी मुलाला एकटे सोडले नाही. कितारोच्या केसांत बाप बसला होता, करेजला म्युरिएलची मांडी होती, डिपरला मेबल होती. वयाला न झेपणारे दृश्य आले तर टीव्ही जरूर बंद करावा. ते आईबापांना कळतेच. पण झेपण्याजोगी भीती मुलाच्या वाट्याला यावी आणि ती येताना शेजारी कोणीतरी बसलेले असावे, एवढी व्यवस्था घराने करायची असते. ती रिमोट लपवून होत नाही.

गणपतीच्या दहा दिवसांत आपली घरे भरलेली असतात. आरती होते, प्रसाद होतो, मोठी माणसे गप्पांना बसतात आणि मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात जातात. एका रात्री त्या कोपऱ्यात जाऊन बसावे. मुलांना म्हणावे, तुमचे भूत आधी आम्हाला दाखवा. त्यांच्यासोबत तो भाग पुरता पाहावा. मग दिवे थोडे मंद करून आपल्या मूळ गावच्या पिंपळाची गोष्ट मराठीत सांगावी. कोणी घाबरून मांडीवर सरकले, तर सरकू द्यावे.